खिंडीतला ओला पाला

बेहडवाडीच्या जनाबाईंवर अन्याय झाला. कधी झाला तेही लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी ‘असं काही घडलंच नव्हतं’ म्हणायला मोकळा राहणार नाही. ह्याच वर्षी, माघातल्या गणेश जयंतीच्या आदल्या सोमवारी, सकाळी, उन्हं डोंगरावरून खाली उतरायच्या आत. जनाबाईंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, कर्जतला डायलिसिसच्या यंत्रावर रक्त धुऊन घेतलं तरच त्या जगतात. त्या सोमवारी रुग्णवाहिका खिंडीपर्यंत आली आणि माघारी गेली. कारण खिंडीपासून वाडीपर्यंतचा रस्ता ठेकेदाराने उखडून, खडी पसरून तसाच टाकला होता आणि तो निघून गेला होता. वाडीतल्या चौघांनी जनाबाईंना चादरीच्या झोळीत घालून चढ चढवला, तोवर खिंडीत फक्त टायरच्या खुणा राहिल्या होत्या. यंत्रावरची त्यांची पाळी चुकली. पुढचे दोन दिवस त्या उशीला टेकून बसून होत्या. आडवं झालं की श्वास कोंडायचा.

खिंड म्हणजे कर्जत आणि खालापूर तालुक्यांची हद्द. अलीकडचा साहेब म्हणतो रस्ता पलीकडच्यांचा, पलीकडचा म्हणतो अलीकडच्यांचा. मी दोघांच्या दारात बसले. पत्रकं काढली, नेरळच्या स्टेशनाबाहेर वाटली, शेलूच्या नव्या इमारतींच्या लिफ्टमध्ये चिकटवली. लोकांनी वाचली, ‘फार वाईट’ म्हणाले आणि लोकल पकडायला गेले. श्रद्धेच्या अनुभवांच्या अशा सदरात मी कधी लिहीन असं मला वाटलं नव्हतं. देवाधर्माच्या गोष्टी ऐकल्या की माझ्या कपाळावर आठी पडायची, कारण आमच्याकडे रस्ता नसला की नवस बोलतात, आणि नवस बोलून झाला की कुणी साहेबाला जाब विचारत नाही. हे माझं मत होतं. अजूनही बरंचसं तेच आहे. तरी जे झालं ते झालं, आणि ते लिहिलं नाही तर मी खोटी ठरेन.

मी मामांकडे नेरळला राहते. मामांकडे एक जुनी, गोल पाठीची परदेशी गाडी आहे, माझ्यापेक्षा कितीतरी मोठी. तिला आम्ही ढब्बी म्हणतो. तिचं इंजिन पुढे नाही, मागे आहे, आणि त्याला पाणी लागत नाही. पंखा हवा मारतो, त्या हवेवरच ते थंड राहतं. सगळं वजन मागच्या चाकांवर असल्यामुळे जिथे नव्या गुळगुळीत गाड्या खडीवर घसरतात, तिथे ढब्बी म्हशीसारखी शांतपणे चढते. जनाबाईंची पाळी चुकली त्याच आठवड्यात मामांनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, “पत्रकात बसून म्हातारी कर्जतला जायची नाय. हिच्यात बसव.” त्या दिवसापासून मी ठरल्या वारी पहाटे निघून वाडीत उतरायची, जनाबाईंना घ्यायची, खिंड चढून कर्जतला न्यायची आणि दुपारी परत सोडायची. फाल्गुन असाच गेला. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट आपल्या हातात आली.

खिंडीत एका करंजाखाली देवी आहे. देऊळ नाही, शेंदूर फासलेली एक शिळा, दोन घंटा आणि समोर वाळक्या फांद्यांचा ढीग. खिंडीतून जाणारा प्रत्येक जण थांबतो, करंजाची डहाळी मोडतो, तिच्यावर ठेवतो आणि मग पुढे जातो. गाडीवाले इंजिन बंद करतात, पाला वाहतात, मग गाडी काढतात. तिला सगळे खिंडीतली आई म्हणतात. जनाबाई पहिल्या दिवसापासून म्हणायच्या, “दोन मिंटं थांब गं, पाला घालू दे.” मी थांबायची, त्या खिडकीतून हात जोडायच्या, शेजारून जाणारा कुणी त्यांच्या नावाने डहाळी ठेवायचा. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायची. मी कधी पाला वाहिला नाही. “तू पन घाल की,” असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा मी म्हटलं, “पाल्याने रस्ता होत नाही, जनाबाई.” त्यावर त्या म्हणाल्या, “पत्रकानं तरी कुटं झालाय?”

गुढीपाडव्याला मामांनी ढब्बीच्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बदलले. जाणकार नसलेल्यांसाठी सांगते. इंजिनाच्या प्रत्येक नळकांड्यात ठिणगी पाडायला वीज लागते, आणि ती वीज कुणाला केव्हा द्यायची हे डिस्ट्रिब्युटर ठरवतो. त्याच्या पोटात दोन बारीक टोकं उघडझाप करतात, ते पॉइंट. त्या टोकांवर वीज भलतीकडे उडून ती जळू नयेत म्हणून बाहेरच्या अंगाला एक अंगठ्याएवढी पत्र्याची डबी असते, तिचं नाव कंडेन्सर. पॉइंट बदलले की कंडेन्सरही बदलायचा, असा मामांचा नियम. नवा कंडेन्सर त्यांनी मुंबईहून मागवला होता. पाडव्याचा दिवस, नवी वस्तू. मामा ती आधी खिंडीत घेऊन गेले, आईच्या पायाशी ठेवली, हळदीकुंकू लावलं आणि मग गाडीत बसवली. जुनी डबी खिळ्या-स्क्रूच्या डब्यात टाकली. मामांचं हे नेहमीचंच. टायर असो की बल्ब, नवं काही असलं की आधी आईला दाखवायचं.

त्यानंतर चैत्रात ढब्बी बिघडायला लागली. नेरळला अंगणात शहाण्यासारखी चालायची. वाडीचा चढ चढून खिंडीत आली की खोकायची, दचके द्यायची आणि देवीसमोर बंद पडायची. तासभर उभी राहिली की आपोआप सुरू. पहिल्यांदा झालं तेव्हा मी हसले. तिसऱ्यांदा झालं तेव्हा वाडीत बोलणं सुरू झालं. आई गाडी अडवते. कुणाच्या गाडीला अडवत नाही, हिच्याच गाडीला अडवते, कारण ही पाला घालत नाही. मला ते तोंडावर सांगायला कुणी लाजलं नाही. आणि उशिरा पोचलं की जनाबाईंची पाळी दुसऱ्याला जायची. त्यात दवाखान्याचा दोष नाही, तिथेही माणसं दारात बसलेली असतात. मिळेल तेवढ्या वेळात त्यांचं अर्धंमुर्धं रक्त धुऊन व्हायचं. पाय सुजायला लागले. मग चेहरा.

मामांनी आणि मी जे करता येतं ते सगळं केलं. मामांना पेट्रोलचा संशय. उन्हाने नळीत वाफ धरते म्हणाले, नळीवर कापड गुंडाळलं. प्लग बदलले. कॉइल बदलली. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून तडा गेलाय का पाहिलं, आतला फिरणारा रोटर पुसला. पॉइंट मात्र दर वेळी जळून काळे पडलेले असायचे. मामा ते कानशीने घासायचे, आगपेटीच्या कागदाने फट मोजायचे आणि म्हणायचे, “नवे पॉइंट असे जळतात म्हणजे माल खराब येतो हल्ली.” पॉइंट जळतात म्हणजे काय बिघडलंय हे पुस्तकात लिहिलेलं आहे. मामांना ते माहीत होतं, मलाही त्यांनीच शिकवलं होतं. पण कंडेन्सरकडे आम्ही दोघांनी पाहिलंच नाही. मामांनी पाहिलं नाही कारण त्याला आईचं कुंकू लागलेलं होतं. देवीच्या पायाशी ठेवलेली वस्तू खोटी कशी निघेल? मी पाहिलं नाही कारण तो नवा होता. कुंकू मानत नाही म्हणणारी मी, तो कुंकवाचा टिळा चुकवून रोज फडकं फिरवायची, पण त्या डबीवर शंका घ्यायची मलाही सुचली नाही.

वैशाख लागला आणि मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना वाकायला, धुळीत यायला मनाई. मी एकटी राहिले. एका शुक्रवारी ढब्बी चढावरच मेली, खिंडीपर्यंतही आली नाही, आणि त्या दिवशीची पाळी पूर्ण गेली. शनिवार, रविवार मी दुसरी गाडी शोधत फिरले. रिक्षावाले खडीचं नाव काढल्यावर मान हलवायचे. एकाने सरळ विचारलं, “ताई, तुमच्याच पत्रकात लिवलंय ना, ह्या रस्त्यानं गाडी जात नाय म्हनून?” रविवारी संध्याकाळी मी मामांच्या ओट्यावर बसून रडले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण हरलोय. साहेबापुढे नव्हे. एका इंजिनापुढे.

सोमवारी सकाळी जनाबाईंना गाडीत बसवताना त्यांच्या पायावर माझं बोट टेकलं, तर खळगा पडला आणि तो भरेना. वाक्याच्या मधे त्यांना श्वास घ्यायला थांबावं लागत होतं. मोबाइलला रेंज नव्हती, वाडीत कधीच नसते. मी हळू चढवली, पहिल्या गिअरमध्ये, तिला जपून. खिंड दिसली, करंज दिसला आणि ढब्बीने दचका दिला. पुन्हा दिला. मी “नाही, नाही, नाही” असं ओरडत होते. देवीच्या बरोबर समोर ती थांबली.

मागचं झाकण उघडलं. गरम तेलाचा वास. एका प्लगची वायर काढून पत्र्याजवळ धरली आणि जनाबाईंना किल्ली फिरवायला सांगितली. ठिणगी आली ती पिवळट, मरतुकडी. निळी यायला हवी. म्हणजे वीज येतेय पण जीव नाही. पॉइंट घासले. पुन्हा तेच. थांबून गार होऊ देणं, एवढा एकच उपाय, आणि ते वैशाखाचं ऊन, तापलेले कातळ. इथे इंजिन कधी गार होणार? आत जनाबाई पदराने तोंड पुसत होत्या. त्यांना पाणीही भरपूर पिता येत नाही, मोजकं पितात, नाहीतर सूज वाढते. मी स्क्रू ड्रायव्हर फेकून दिला. तो खडीत जाऊन पडला. मग मी देवीसमोर जाऊन उभी राहिले आणि तिच्याशी भांडले. मोठ्याने. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की म्हटलं, पाला नाही घातला मी, तुझा राग माझ्यावर काढ, ह्या बाईचा काय गुन्हा आहे?

गाडीतून जनाबाईंचा आवाज आला. “झालं का भांडून? आता गप ऱ्हा जरा. तिला बी ऐकायला येत आसंल.”

मी खाली बसले. गुडघे टेकून वगैरे नाही. दमले म्हणून बसले. त्या क्षणी माझ्याकडे काहीच नव्हतं. पत्रक नव्हतं, मुद्दा नव्हता, पुढची तपासायची वस्तू नव्हती. मनात एकच वाक्य आलं, मला कळत नाही आता, तुला कळत असेल तर तू बघ. हे मी प्रार्थना म्हणून म्हटलं नव्हतं. दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून म्हटलं.

तेवढ्यात खालच्या पायवाटेने एक बाई वर आली. अनवाणी, डोक्यावर तांब्याची कळशी, कपाळ घामाने भिजलेलं. मी धावले. म्हटलं, मावशी, थोडं पाणी द्या, आत आजारी माणूस आहे, तोंडावरून ओला हात फिरवायचाय. ती थांबली नाही.

“नाय गं बाय. नवसाचं हाय. नदीपासनं कळशी खाली नाय ठेवली.”

माझं डोकं फिरलं. “अहो, माणूस मरतंय इथं आणि तुम्ही दगडाला अंघोळ घालताय?”

ती वळली. शांतपणे म्हणाली, “माजा बी मानूसच मरत होता, तवा बोललेली. आदी आईला, मग तुला. तेवडा दम काढ.”

तिने कळशी शिळेवर ओतली, अर्धी. पाणी शेंदरावरून ओघळलं आणि समोरच्या ढिगावर, सकाळी कुणीतरी वाहिलेल्या हिरव्या डहाळ्यांवर सांडलं. मग ती कळशी घेऊन गाडीपाशी आली. जनाबाईंनी ओंजळ पुढे केली, तोंडावरून ओला हात फिरवला, ओठ ओले केले. प्यायल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, “तिच्यावरला पाला आन. वला हाय तो. गाडीच्या उरावर ठेव.”

आमच्याकडे नव्या गाडीला तसं करतात. देवीवरचा पाला उचलून इंजिनावर ठेवायचा. ती बाई लगबगीने पुढचं झाकण उघडायला गेली. आत स्टेपनी आणि माझ्या पत्रकांचा गठ्ठा. “हिचं इंजिन चोरलं का कुनी?” तिने विचारलं. जनाबाईंना हसू आलं, आणि हसता हसता खोकला. “हिचं ऊर मागं हाय,” त्या म्हणाल्या.

मी पाला उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. करंजाची ओली पानं, बोटांतून पाणी गळत होतं. मागे जाऊन ठेवायला गेले तर सपाट जागा कुठे? एका बाजूला पंख्याचा पट्टा, दुसरीकडे तापलेले पाइप. हात आपोआप डिस्ट्रिब्युटरकडे गेला, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाला अडकून राहिला, बरोबर त्या डबीवर. चर्र आवाज झाला. कंडेन्सरवरचं पाडव्याचं हळदीकुंकू विरघळलं आणि लालपिवळा ओघळ पत्र्यावरून खाली गेला. मी तो बघत राहिले.

“आता फिरव किल्ली,” जनाबाई म्हणाल्या.

“होणार नाही जनाबाई. अजून तापलीय.”

“फिरव तर.”

फिरवली. ढब्बी सुरू झाली. पहिल्याच फेऱ्यात, नेरळच्या अंगणात होते तशी.

मी त्या बाईकडे पाहिलं. तिला काही नवल वाटलं नव्हतं. करंजाची एक डहाळी मोडून तिने देवीवर ठेवली आणि उरलेलं पाणी माझ्या बाटलीत ओतलं. म्हणाली, “वाटंत सुकला पाला तर भिजव.” उताराला, पहिल्या गावाच्या वेशीपाशी, ढब्बी पुन्हा खोकली. उतरले, पाला भिजवला, तसाच डबीवर दाबून धरला. सुरू झाली. कर्जतच्या अलीकडे आणखी एकदा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की पाला ओला असला की चालते, सुकला की बंद पडते, आणि पाला ठेवलाय तो कंडेन्सरवर. गरम झाला की तो आतून मरत होता. जळके पॉइंट आम्हाला रोज तेच सांगत होते. पोचलो तेव्हा पाळी अजून गेली नव्हती. जनाबाईंना यंत्रावर घेतलं. मी बाहेरच्या बाकावर बसले, हाताला करंजाचा कडवट वास.

त्या दिवशी संध्याकाळी मामांना सांगितलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, तरी त्यांनी स्क्रूचा डबा मांडीवर घेतला आणि चाचपून जुनी डबी काढून दिली. ती बसवल्यापासून ढब्बी खिंडीत एकदाही बंद पडलेली नाही. मामांनी निकामी डबी बोटांत फिरवली. मग म्हणाले, “मी तिच्या पायावर ठेवला म्हणून त्याला हात लावला नाय. आणि तिनं स्वतःच कुंकू पुसून दाखवलं.” गरम पत्र्यावर ओली पानं ठेवली की पत्रा गार होतो, हे मला कळतं. त्यात वाद नाही. पण जागा नेमकी तीच का सापडली, आणि ती बाई नेमकी तेव्हाच का आली, हे मला कळत नाही. ती पुढे एकदा खिंडीत भेटली, तेव्हा विचारलं. तिचा नवसाचा वार मंगळवार. पण त्या मंगळवारी लेकीकडे पाहुणे येणार होते, म्हणून एक दिवस आधी आली होती. एवढंच. मी त्यावर युक्तिवाद करणार नाही. मला फक्त आठवतं की त्या सकाळी माझी मूठ उघडली, कारण पाला मुठीत धरता येत नाही, ओंजळीत घ्यावा लागतो.

आता मी खिंडीत थांबते. इंजिन बंद करते, डहाळी मोडते, आईवर ठेवते. राग गेलेला नाही. रस्ता तसाच उखडलेला आहे, दोन्ही साहेब तसेच एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि कागद मी अजूनही देते. फरक इतकाच की आधी मला वाटायचं, हे सगळं मी एकटीच ओढतेय, मी थांबले की सगळं थांबेल. त्या सोमवारी मी थांबले होते. सगळं थांबलं नाही. ज्याने कुणी ते चालू ठेवलं, त्याच्यापुढे मी हात जोडते. मला त्याचं नाव माहीत नाही. जनाबाईंना माहीत आहे.

पण खरं सांगते, जनाबाई उतरत चालल्या आहेत. बुडालेल्या पाळ्यांचं देणं शरीर सोडत नाही. त्या आता गाडीत बोलतही नाहीत फारशा, खिंड आली की फक्त हात जोडतात. पाऊस लागला की खडीचा चिखल होईल, मग ढब्बीही वाडीपर्यंत उतरणार नाही, पुन्हा झोळी आणि पुन्हा खांदे. गाडी एक आहे, जुनी आहे. मी एक आहे, आणि तीन वारांना मी पुरी पडत नाही, गेल्या आठवड्यात तापाने मी शुक्रवारी उठू शकले नाही. त्या शुक्रवारी जनाबाई कर्जतला गेल्या नाहीत.

म्हणून हे वाचून ‘आईची कृपा’ म्हणून पान उलटू नका. खिंडीत ती बाई कळशी घेऊन आली ती कृपा होती, पण तिला नदीपासून चालत यावं लागलं. तुमच्याकडे चालणारी गाडी असेल तर ती द्या. गाडी नसेल तर चिखलात झोळीला खांदा द्या. सोमवार माझा आहे, तो मी सोडत नाही. बुधवार रिकामा आहे. शुक्रवार रिकामा आहे. तुम्ही कुठला घेता, ते सांगा.